दगडी

मावशीच्या दारात कायम चार-पाच शेळ्या असत. काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण शेळीचं नाव कुणी बदललं नाही. बाजारात ती आजही उस्मानाबादीच. धार काढायला बसली की मावशी आधी कासेवरून हात फिरवायची. एकदा मी समोर चहा घेत बसलो होतो. तिचा हात मध्येच थांबला. दोन बोटांनी तिनं एक जागा दाबली, पुन्हा दाबली आणि आत हाक मारली, "आरं, हिची एक बाजू दगडावलीय. दुपारच्या आत डाक्टरला बोलव, न्हाईतर थान जाईल."

दुपारच्या आत जनावरांचा डॉक्टर आला. सुई झाली. थान वाचलं.

त्या दिवशी मावशीच्या स्वतःच्या डाव्या स्तनात गाठ होती. हे मला वर्षभरानं कळलं, तेही तिच्या तोंडून नाही.

कळंब तालुक्यातल्या तिच्या गावी मी पुढच्या वेळी गेलो, तेव्हा ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, पाय सुजलेले. गळ्यात घेटुळीच्या कांड्यांची माळ. घरातले जरा खुशीतच होते. "सकाळी डोक्यावर घातली होती, आता गळ्यात उतरली. कावीळ उतरतीय," असं थोरल्यानं मला सांगितलं. आदल्या दिवशी माळ देणाऱ्याच वैद्यबुवानं चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले होते. पाणी पिवळं झालं, म्हणजे कावीळ बाहेर पडली, असा हिशेब. ओल्या कांड्या सुकल्या की आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. ती खुंटीवर टांगली असती तरी लांबलीच असती. हे मी तिथं बोललो नाही. माणूस आजारी असताना शहाणपणा पाजळायचा नसतो, असं स्वतःला सांगितलं. हाही एक पळपुटेपणाच.

निघताना सुनेनं मला मागच्या दारी गाठलं. आवाज खाली, नजर जमिनीवर. "भावजी, आत्याबायला ह्या बाजूला गाठ हाय. जखम झालीय. अंघोळीला पाणी देताना दिसलं. दोन महिने झाले. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणले, आईच्या तसल्या जागंचं कसं विचारायचं?"

तसल्या जागेचं! या एका शब्दावर मी त्यानंतर पुष्कळ रात्री घालवल्या आहेत. माझ्या जिल्ह्यात किती बाया या शब्दानं मारल्या असतील, याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. मृत्यूच्या नोंदीत कावीळ लिहिली जाते, अशक्तपणा लिहिला जातो. ‘तसली जागा’ हे मरणाचं कारण लिहायला रकाना नाही.

आणि सोवळेपणाचा आव तरी किती! पारावर बसलेली माणसं एकमेकांच्या आयाबहिणींचा एकेक अवयव शिवीत घेऊन दिवसभर उच्चारतात. जत्रेतल्या तमाशात, लग्नाच्या वरातीत, मोबाईलवरच्या चित्रफितीत बाईच्या छातीला मोकळं रान आहे. फक्त ती छाती जिची आहे, तिनं तिथं काही खुपतंय असं म्हटलं की घरातले सगळे पुरुष एकदम लाजाळू होतात. ही लाज नव्हे. लाज असती तर शिवी देताना जीभ अडखळली असती.

मी स्वतःला या बायाबापड्यांपेक्षा शहाणा समजत होतो. जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात तिला घेऊन गेलो आणि केसपेपरच्या खिडकीवर माझीही जीभ टाळ्याला चिकटली. "काय होतंय?" या प्रश्नाला मी "छातीत गाठ आहे" असं उत्तर दिलं. खिडकीतल्या माणसानं आम्हाला छातीच्या विकारांकडे पाठवलं. तिथं दोन तास खोकणाऱ्या माणसांत बसलो. नंबर आल्यावर थुंकी तपासायला डबी मिळाली. तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलेल्या मास्तराला ‘स्तन’ हा दोन अक्षरी मराठी शब्द खिडकीत उच्चारता आला नाही, म्हणून एका पिवळ्याधमक बाईचे दोन तास वाया गेले.

सोनोग्राफी झाली. यकृतात लहानमोठ्या बऱ्याच गाठी. "लिव्हरमध्ये पसरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरच्यांना वाटलं, आता हा दुसरा आजार, लिव्हरचा कॅन्सर. तसं नसतं. स्तनातल्या पेशी रक्तातून वाहत जाऊन यकृतात मुक्काम करतात. घर बदललं तरी त्यांची जात तीच राहते, म्हणून औषधही स्तनाच्या कर्करोगाचंच द्यावं लागतं. हाडं, फुप्फुसं, यकृत, मेंदू ही त्यांची नेहमीची मुक्कामाची ठिकाणं. नुसत्या हाडात गेलेला आजार बाईला बरीच वर्षं देऊ शकतो. यकृतात गेला की सवलत कमी. तरी ती शून्य नसते, आणि हेच मला माझ्या लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगायचं आहे. ‘लिव्हरमध्ये गेलं’ म्हणजे ‘घरी घेऊन जा’ असं नाही.

किती जगेल, हे कशावर ठरतं? डॉक्टरीणबाईंनी एका कोऱ्या कागदावर समजावलं. पहिली गोष्ट, गाठीचा स्वभाव. त्या पेशींना स्त्रीच्या शरीरातल्या हार्मोनची भूक आहे का, त्यांच्यावर हर-टू नावाचं प्रथिन जादा आहे का, की दोन्ही नाही. हार्मोनची भूक असेल तर गोळ्यांनी ती मारता येते. हर-टू असेल तर नेमकं त्यावरच बसणारं औषध आहे. अशा दोन औषधांच्या जोडीची एक मोठी जागतिक चाचणी झाली, तिच्यात आजार शरीरभर पसरलेल्या बायांपैकी निम्म्या पावणेपाच वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त जगल्या. यातली एकही खूण नसलेला आजार सर्वांत आडमुठा. मग पहिल्या उपचारानंतर किती काळ शांत गेला, हे पाहायचं: पाच वर्षांनी परतलेला आजार बहुधा सावकाश चालतो, वर्षाच्या आत परतलेला घाई करतो. यकृताबरोबर आणखी कुठं गेलाय, यकृत किती खाल्लंय, बिलिरुबिन किती, बाई स्वतःच्या पायानं न्हाणीपर्यंत जाते का आणि पहिल्या दोन-तीन डोसांना गाठी दाद देतात का, यावर पुढचं सगळं. यकृत ढासळलं की बरीचशी औषधं पूर्ण मात्रेत देताच येत नाहीत. मावशीचं तेच झालं होतं. कावीळ उतरवण्यात जे पंचवीस दिवस गेले, त्या पंचवीस दिवसांत तिच्या यकृतातली औषध पेलायची ताकद उतरली.

थोरला म्हणाला, "ती वरची गाठ तरी काढून टाका." प्रत्येक घर हेच म्हणतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० बायांवर याच प्रश्नाचा छडा लावला. आजार आधीच पसरलेला असेल तर स्तन काढल्यानं आयुष्य वाढत नाही, हे त्यांनी २०१५ साली दाखवून दिलं. मात्र हेच ऑपरेशन गाठ वाटाण्याएवढी असताना झालं असतं, तर बहुतेक सगळा खेळच निराळा झाला असता. तेव्हा हीच माणसं म्हणतात, "चाकू लागला की भडकतं." चाकूला भ्यायचं तेव्हा चाकू हवा असतो आणि चाकू मागायचा तेव्हा त्याचा उपयोग संपलेला असतो.

मावशीचा रिपोर्ट आला. हार्मोनची भूक होती, हर-टू नव्हतं. म्हणजे सगळ्यांत गरीब जातीचा आजार. टॅमॉक्सिफेन नावाची गोळी अर्ध्या शतकापासून बाजारात आहे, दिवसाचा खर्च एका चहाएवढा. शेळीची कास दगडावली त्याच दिवशी मावशीनं पदराआडचं सांगितलं असतं, तर ऑपरेशन आणि काही वर्षं ही गोळी, एवढ्यावर कदाचित भागलं असतं. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर हे कारण नव्हतं. त्यांच्या कागदावर पेशी होत्या. गाठ हाताला लागल्यापासून ती तोंडातून बाहेर पडेपर्यंतचे दिवस कुठलंही यंत्र मोजत नाही.

मी तिला विचारलं. बराच वेळ ती छताकडे पाहत राहिली. "दुखत नव्हतं रे," ती म्हणाली. हे खरंच, सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखतच नाही आणि आमच्या बाया दुखण्यालाही आठ दिवस थांबायला सांगतात, मग न दुखणाऱ्या गाठीची काय कथा. मग म्हणाली, "धाकटीचं जमत होतं. लोक म्हणले असते, घराण्यात हाय."

आता या लोकांचं काय करायचं? सोयरीक बघायला येताना हुंड्याला ‘मानपान’ म्हणणारे, पोरीच्या आईला कुठला आजार आहे याची मात्र चार गावांत चौकशी करतात. धाकटीचं लग्न झालं. मंडप मोठा होता, पुढाऱ्यांचे सत्कार तास-दीड तास चालले. पंगतीत आईनं वाढलं. डाव्या बाजूला झंपरात जुन्या धडप्याची घडी होती, हे आता कळतं.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची तर वेगळीच तऱ्हा. आमच्या कळंब, वाशी, भूममधून दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून माणसं जातात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत अंग मुकादमाचं. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, मजुरी बुडते ती बुडते, वर दंड. गाठ दाखवायला जाणं म्हणजे खाडा. शेजारच्या बीड जिल्ह्यात याच खाड्याच्या भीतीत बायांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्या गेल्या आणि २०१९ साली त्यावर विधिमंडळात गदारोळ झाला. पिशवी काढायला सवड मिळाली, कारण पिशवी काढलेली बाई महिन्याचे चार दिवस जास्त राबते. छातीची गाठ दाखवून उसाचं टनेज वाढत नाही.

डॉक्टर मंडळींनाही मी सोडणार नाही. मावशी कावीळवाल्याकडे जायच्या आधी दोन ठिकाणी गेली होती. भूक लागत नाही, उजवीकडे बरगडीखाली जड वाटतं, असं तिनं सांगितलं होतं. एकानं पित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं सलाईन लावलं. दोघांनी नाडी धरली, जीभ पाहिली. पदर बाजूला कर, असं कुणी म्हटलं नाही. बाईमाणूस सोबत उभी करून तपासता येतं, हे त्यांना कॉलेजात शिकवलेलं असतं. पण गर्दी असते, आणि सलाईनचे पैसे तपासण्यापेक्षा लवकर सुटतात.

याच जिल्ह्यातून एकेकाळी जगाला धडा गेला, हे सांगितलं तर नव्या पिढीला खोटं वाटेल. १९८७ साली शेजारच्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आमच्या परंडा आणि भूम तालुक्यांतली गावं तिच्यात होती. डॉ. भ. म. नेने आणि त्यांचे सहकारी दवाखान्यात बसून नोंदी करत बसले नाहीत. कार्यकर्ते गावोगाव फिरले, ओट्यावर बसले, बायांशी बोलले, अंगावरून काय जातं, कुठं काय लागतं, हे विचारलं. नुसत्या या बोलण्यानं गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या पायरीवर सापडू लागला. औषध नवं नव्हतं, फक्त कुणीतरी तोंड उघडून विचारत होतं.

मग १९९९ पासून याच जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया एका अभ्यासात आल्या. खेड्यांचे ५२ गट. काहींची एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींच्या पेशींची तपासणी, काहींची व्हिनेगार लावून डोळ्यांनी पाहणी आणि एका गटाला नेहमीसारखंच सोडलेलं. २००९ साली निकाल छापून आला: आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं ३४ बाया गेल्या, नुसत्या सोडलेल्या गटात ६४. तो सोडलेला गट न्याय्य होता का, यावर पुढं मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण ज्यांनी त्या वादात दातओठ खाल्ले त्यांना माझा एक साधा प्रश्न आहे. अभ्यास संपल्यानंतर आपण सगळ्या जिल्ह्याचाच ‘नेहमीसारखं सोडलेला गट’ करून टाकला, त्याबद्दल कोण बोललं? आमच्या बायांनी अंग दिलं, त्या अंगावरून जगानं धोरणं लिहिली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारलं, कधी स्तनाची तपासणी झाली का? हो म्हणणारी शंभरात एकही पुरती भरली नाही.

स्तनाच्या तपासणीला यंत्र लागतं, मुंबईला जावं लागतं, ही अडाण्यांची समजूत नाही, शिकलेल्यांची आहे. टाटा रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखांवर बायांवर अभ्यास केला. थोडंफार शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली आला. आजार आधीच्या पायरीवर सापडला. सगळ्या वयांचे मिळून मृत्यू खात्रीनं कमी झाले असं म्हणता आलं नाही, पण पन्नाशीपुढच्या बायांत ते जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. मी आकडा फुगवून सांगत नाही. जेवढा आहे तेवढा पुरेसा आहे. एका शिकवलेल्या बाईचा हात. तोच, जो मावशी रोज सकाळी शेळीवर फिरवत होती. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येक बाईची ही तपासणी कागदावर आहेच. उपकेंद्रावर पाटी आहे, खुर्ची आहे. पडदा नाही.

पडद्याला लागतात किती पैसे? पुढाऱ्याच्या वाढदिवसाला ‘भव्य सर्वरोग निदान शिबिर’ होतं. फ्लेक्सवर चाळीस चेहरे असतात. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडतात, रक्तदाब बघतात, चष्मे वाटतात. अशा शिबिरात बाईनं पदर कुठं काढायचा? फ्लेक्सच्या आड?

पैसा नाही ही सबब अर्धी खरी आहे, म्हणून ती अर्धीच मान्य करतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. हर-टूवरचं औषध देशातच बनून २०१४ पासून तुलनेनं स्वस्त मिळू लागलं. हार्मोनच्या आजारावरच्या पाल्बोसिक्लिबचं पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपलं आणि किंमत कोसळली. औषधाची वाट आता पूर्वीएवढी काटेरी नाही. काटा आहे तो ‘सोबत कोण जाणार’ या प्रश्नात. बापाचा आजार असला की तीन पोरं रजा टाकतात. आईचा असला की दर एकवीस दिवसांनी एकेकाची कामं निघतात. आणि बायकोचा असला, तर किती घरांत तिला माहेरी नेऊन सोडतात! "तिकडं बरी काळजी घेतील." भाऊ उचल घेऊन तिला बार्शीला नेतो, सोलापूरला नेतो, दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत पथारी टाकतो. नवरा वर्षाच्या आत दुसरी करतो आणि गाव त्याच्या पंगतीला जेवतं. मी जेवलो आहे.

वर आम्ही भवानीचे भक्त. नवरात्रात तुळजापूरची वाट माणसांनी भरते, बाया कवड्यांच्या माळा घालून अनवाणी चालतात. तिथली एक रीत मला फार शहाणी वाटते. महिषासुराशी नऊ दिवस झुंजून देवी थकते, म्हणून दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत तिला पलंगावर निजवतात. श्रमनिद्रा म्हणतात तिला. तो पलंग दूर नगरहून वाजतगाजत येतो. दगडाची देवी थकते, हे आमच्या पूर्वजांनी ओळखलं आणि तिच्या विश्रांतीची तजवीज केली. मावशी दरवर्षी त्या वाटेनं जायची. शेवटच्या वर्षी ती कडेला बसत बसत चालली, तेव्हा सोबतचे म्हणाले, वय झालं. ती सत्तावन्न वर्षांची होती.

कमी मात्रेची केमो सुरू झाली. बिलिरुबिन थोडं उतरलं, पुन्हा चढलं. चार महिने मिळाले. त्यातले दोन बरे गेले. या दोन महिन्यांत ती पुन्हा धार काढायला बसत होती.

तेराव्याला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना सून शेळीखाली बसली होती. भांडं मांडीत धरलेलं, दुसरा हात कासेवरून फिरत होता, अगदी मावशीसारखा. तिचं वय पस्तीसच्या पुढं. उपकेंद्र गावातच आहे. वाटेत मी सगळी वाक्यं जुळवली होती, तिथल्या नर्सबाईचा नंबरही चिठ्ठीवर लिहून आणला होता. थोरला शेजारी उभा होता.

"तब्येतीला जपा," मी म्हणालो.

"व्हय भावजी," ती म्हणाली.

चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली.